दाराखालचा पत्रा

गाडीचं मागचं दार लागेना.

ज्ञानूनं ते आधी हलकेच ओढलं, मग जोरात आपटलं, मग खांदा लावून दाबून बघितलं. वरच्या कोपऱ्यात दार चौकटीला अडत होतं आणि खाली बोट जाईल एवढी फट राहत होती. त्यानं बिजागऱ्यांचे बोल्ट सैल केले, दार उचलून धरलं, बोल्ट पुन्हा आवळले. तरी तेच. पलीकडं जाऊन त्यानं दुसरं दार लावून बघितलं. तेही अडलं.

"काय झालं वो?" पायरीवर मेथी निवडत बसलेल्या चिमणाबाईनं विचारलं.

"काय न्हाय."

"काय न्हाय तर एवढा घाम कशानं आलाय?"

ज्ञानूनं हातातला पाना खाली ठेवला. पाठीमागं सरकत तो फाटकापर्यंत गेला आणि तिथून त्यानं गाडीकडं पाहिलं. पांढरी अँबॅसिडर पुढं-मागं लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. गेले कित्येक दिवस तो तिच्या पोटाखाली, नाहीतर तिच्या अंगाला नाक लावूनच काम करत होता. असं लांबून तिला बघितलंच नव्हतं. आता दिसलं. गाडी मधोमध खाली आली होती. फार नाही, पण तिच्याबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला कळावं एवढी. लेकुरवाळी म्हैस म्हातारपणी कमरेत खचते, तशी.

"मोडली गं गाडी," तो म्हणाला. "म्याच मोडली."

चिमणाबाईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि ती उठून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिला काही वेगळं दिसलं नाही. पण नवऱ्याचा आवाज तिनं ऐकला होता.

ज्ञानू माने मूळचा शिरोळचा. साखर कारखान्याच्या साहेबांची ही गाडी लिलावात निघाली तेव्हा त्यानं ती घेतली, आणि एसटी स्टँडच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली लावली. त्या दिवसापासून गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत त्यानं दुसरा धंदा केला नाही. लग्नाची वऱ्हाडं नेली, पुढाऱ्यांच्या सभांना माणसं नेली, पण त्याचं खरं भाडं होतं मिरजेच्या दवाखान्यांचं. शिरोळात कुणाच्या छातीत दुखलं, कुणाचं बाळंतपण अडलं की माणसं म्हणायची, "ज्ञानूची गाडी हाय का बगा." मिरजेच्या सगळ्या दवाखान्यांची फाटकं त्याला पाठ होती. कुठलं कधी उघडतं, कुठल्या वॉचमनला काय नावानं हाक मारायची, सगळं.

एक गुरुजी होते. त्यांची किडनी गेली तेव्हा ज्ञानू त्यांना डायलिसिसला न्यायचा, आठवड्यातून दोनदा, अशी काही वर्षं. जाताना गुरुजी पेपर वाचून दाखवायचे आणि येताना थकून गप्प बसायचे. गुरुजी गेल्यावर त्यांच्या घरच्या बाई स्टँडवर आल्या आणि गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहून निघून गेल्या. ज्ञानूनं ते कित्येक दिवस पुसलं नव्हतं.

मग एकोणीस सालचा महापूर आला. कृष्णेचं पाणी गावात शिरणार असं कळल्यावर ज्ञानूनं गाडी शाळेच्या उंच पटांगणात नेऊन लावली होती. पाणी तिथंही पोचलं. माणसं बोटींतून बाहेर काढली गेली, गाडी तिथंच राहिली. पूर ओसरल्यावर बघायला गेला, तर आत सीटवर गाळाचा थर आणि स्टिअरिंगला उसाचं पाचट गुंडाळलेलं. इंजिन मेकॅनिकनं खोलून चालू केलं. घर मात्र राहण्यासारखं उरलं नाही. मुलगी अनुजा कोल्हापुरात राजारामपुरीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, म्हणून एकटीच राहायची. तिनं आईबापाला आपल्याकडं आणलं. बैठं घर, पुढं थोडं अंगण. अंगणात अँबॅसिडर.

पुराचं पाणी गाडीनं पोटात धरून ठेवलं होतं. वर्षभरात पत्र्याला फोड यायला लागले. ज्ञानूनं ती एका गॅरेजला दिली. त्यांनी अशी चकाचक करून दिली, की चिमणाबाईनं गाडीला ओवाळलं. आणि पुढच्या पावसाळ्यात दाराखालचा रंग पापडासारखा सुटला. आत पत्राच नव्हता. होती ती पुट्टी, आणि पुट्टीला आधार म्हणून कोंबलेली वर्तमानपत्रं.

त्या दिवसापासून ज्ञानूचा कारागिरांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

गाडीच्या पासिंगची मुदत आली तेव्हा आरटीओतल्या साहेबांनी खाली वाकून दाराखालच्या पट्टीला अंगठा लावला. अंगठा आत गेला. साहेब वाईट नव्हते. हात पुसत म्हणाले, "काका, गाडी छान ठेवलीय तुम्ही, पण ही सडलीय. पत्रे बदलून आणा, नाहीतर मोडीत काढा. असली गाडी मी रस्त्यावर सोडू शकत नाही."

घरी आल्यावर अनुजा म्हणाली, "बाबा, चांगल्या माणसाकडं देऊया की. हे काम शिकलेली माणसं असतात."

"शिकलेल्या माणसानं पेपर कोंबलेला बघितलास न्हवं?"

"सगळे तसेच असतात का?"

"मला काय म्हाईत? माजी गाडी हाय. कुठं काय लपिवलंय ते निदान मला तरी कळंल."

आणि त्यानं काम सुरू केलं. जुन्या गाड्या फोडणाऱ्यांकडं हिंडून त्यानं एक चांगलं बॉनेट मिळवलं, दोन पुढची मडगार्डं मिळवली. मोबाइलवर दूरदेशीचे लोक आपापल्या गाड्या खोलताना दिसायचे, ते बघत बसायचा. भाषा कळायची नाही, हात कळायचे. बॉनेट आणि मडगार्डं नटबोल्टवरची. गंजलेले बोल्ट तेल पाजून पाजून सोडवले, जुने पत्रे उतरवले, आतला गंज खरवडून काढला, पुन्हा गंज धरू नये म्हणून लाल रंग मारला, नवे भाग चढवले. फटी सारख्या यायला चिक्कार वेळ लागला. पण आल्या. शेजारचे लोक फाटकातून डोकावून "वा, काका!" म्हणून जायला लागले. आयुष्यभर ज्ञानूनं गाडी चालवली होती. आता ती आपल्याला बांधताही येते, हे कळल्यावर त्याला पोरासारखा आनंद झाला. जेवतानाही तो मडगार्डाबद्दलच बोलायचा.

त्याच जोरावर त्यानं दाराखालच्या पट्ट्यांना हात घातला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दारांच्या खालून जाणारी ती पत्र्याची पोकळ पेटी. दोन्हीकडच्या सडल्या होत्या. नव्या पट्ट्या एका पत्रेवाल्याकडून वाकवून आणल्या, वेल्डिंगचं छोटं मशिन भाड्यानं आणलं. दारं उतरवली. एका बैठकीत काम उरकेल म्हणून जुन्या पट्ट्या दोन्हीकडच्या एकदमच कापल्या. नव्या बसवल्या, वेल्डिंग मारलं. टाके वेडेवाकडे आले, पण पक्के आले. मग दारं चढवली.

आणि दारं लागेनात.

संध्याकाळी अनुजा कामावरून आली तेव्हा ज्ञानू पायरीवर बसून होता. हात धुतले नव्हते. तिनं आईकडं बघितलं. आईनं मान हलवली.

"भंगारवाल्याला फोन कर," ज्ञानू म्हणाला. "तू म्हनत हुतीस त्ये बराबर हुतं."

"मी भंगारवाला कधी म्हटलं? मी चांगला माणूस म्हटलं."

"आता चांगला मानूस काय करनार? कंबरंत मोडलीया ती."

अनुजा पर्स घेऊन तशीच उलट्या पावली बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक स्कूटर थांबली. चालवत होती चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई. सलवार-कमीजवर पुरुषी खाकी शर्ट, केस रुमालात बांधलेले. मागं काळा चष्मा लावलेला एक म्हातारा. तिनं त्याला हाताला धरून उतरवलं.

"ही शबनूर," अनुजा म्हणाली. "शाहूपुरीत यांचं गाड्यांच्या डेंटिंगचं वर्कशॉप आहे. आणि हे तिचे वडील, बादशहा शिकलगार. आमच्या दवाखान्यात येतात तपासायला. मी शबनूरला म्हटलं, एकदा बघून तरी जा."

ज्ञानूनं नमस्कार केला, पण त्याचा चेहरा आवळलेलाच राहिला. चिमणाबाईनं खुर्ची आणली. शबनूरनं "अब्बा, इधर बैठो" म्हणून वडलांना बसवलं आणि ती सरळ जमिनीवर आडवी होऊन गाडीखाली गेली.

बराच वेळ तिचे फक्त पाय दिसत होते. ज्ञानू वाट बघत उभा राहिला. शाळेत मास्तरांनी पाटी तपासायला घेतली की उभा राहायचा, तसा.

ती बाहेर आली. कपड्याची धूळ झटकली.

"मामा, दोनी बाजू एकदम कापल्या व्हय?"

"व्हय."

"आनि आत आधार काय दिला न्हवता?"

"ठोकळं दिल्तं की. म्होरं आनि मागं."

"मधी न्हाय."

"न्हाय."

ज्ञानूला वाटलं, आता ही हसेल. निदान अनुजाकडं बघून डोळे तरी फिरवील. शबनूरनं तसं काही केलं नाही.

"ह्या गाडीला खाली वेगळी चासी न्हाय मामा. तिचा कणा म्हंजे ह्या पट्ट्याच. दोनी काढल्या की मधलं वजन खाली येनारच. लई जनांचं असं हुतंय. म्या पन एकदा केलंय."

"खोटं बोलतीया," खुर्चीवरून बादशहा म्हणाला. "तिनं एकदा न्हाय, दोनदा केलंय. एक गाडी डाक्टरची हुती."

चिमणाबाईला हसू फुटलं. शबनूरही हसली. ज्ञानूचा आवळलेला जबडा थोडा सैल झाला.

"मंग? मोडीत?"

"कशाला मोडीत? वेल्डिंग कापायचं, मधनं जॅक लावून हळूहळू उचलायची, आतनं पाइपाचा आधार द्यायचा. दारं लागली की मंग परत वेल्डिंग. पन हितंच करावं लागंल. अशी वढून न्हेली तर आनिक वाकंल." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "वर्कशॉपात लई कामं हायत. सुट्टीच्या दिवशी यीन. चाललं का?"

"सुट्टीच्या दिवशी तू कशाला..."

"मजुरी घेनार मामा. फुकटचं काम मी कुनाचं करत न्हाय." तिनं पुढच्या मडगार्डावरून हात फिरवला. मग बॉनेट उघडून आत बघितलं, बंद केलं. "ह्ये कुनी बसवलंय?"

"म्याच."

"चांगलं बसवलंय."

एवढंच म्हणून ती स्कूटरकडं गेली. वडलांना बसवलं आणि निघून गेली. पण ज्ञानूनं त्या दिवशी दुपारी पोटभर जेवण केलं, हे चिमणाबाईच्या लक्षात आलं.

पहिल्या सुट्टीला शबनूर आली ती जॅक, चौकोनी पाइप आणि स्वतःचं वेल्डिंग मशिन टेम्पोत घालून. वडीलही बरोबर होते. आल्या आल्या तिनं ज्ञानूच्या हातात ग्राइंडर दिला.

"तुमचं वेल्डिंग तुमीच कापा."

"मी?"

"तुमी कुठं कुठं मारलंय त्ये तुमालाच म्हाईत. आनि त्यो गॉगल काढा, त्येनं काय डोळं ऱ्हानार न्हाईत. ह्यो घ्या." तिनं आपला मोठा चष्मा त्याला दिला आणि पिशवीतून स्वतःसाठी दुसरा काढला.

ज्ञानूनं कापायला सुरुवात केली. स्वतः घातलेला एकेक टाका ठिणग्या उडवत सुटत गेला. त्याला वाईट वाटलं, पण जेवढं वाटेल असं वाटलं होतं, तेवढं नाही. बाजूला उभी राहून ती बघत होती, मधूनच "हितं खोल गेलाय हां, ह्यो टाका बेस हाय" असं म्हणत होती. चुकीच्या जागी का होईना, टाका बरा पडला होता.

मग तिनं दोन दारांमधल्या खांबाखाली जॅक ठेवला, त्यावर जाड लाकूड. थोडं उचलायचं, थांबायचं. दाराच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची, मग दुसरे दोन कोपरे. दोन्ही सुतळ्या सारख्या भरेपर्यंत गाडी सरळ झाली नाही असं समजायचं. कधी कधी पत्रा आतून करकरायचा. त्या आवाजानं ज्ञानूच्या अंगावर काटा यायचा. "आई गं," तो पुटपुटायचा.

"भ्याऊ नका," बादशहा खुर्चीवरून म्हणायचा. "ह्यो मोडायचा आवाज न्हवं. ह्यो जागंवर याचा आवाज हाय."

जवानीत काळी काच न धरता वेल्डिंग मारल्यानं आपले डोळे गेले, असं म्हातारा सांगायचा. डॉक्टर दुसरी कारणं सांगत, पण त्याला आपलंच कारण पटलेलं होतं. शबनूरची आई लवकर गेली, मुलगा नव्हता, आणि पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून वर्कशॉपातच बसायची. "म्या तिला कायबी शिकवलं न्हाय," तो चिमणाबाईला सांगत होता. "मला दिसंना झालं. मंग मी इचारायचो, ह्यो पत्रा कसा दिसतोय गं? ती सांगायची. सांगता सांगता तीच ठोकाय लागली. गिऱ्हाईक म्हनायचं, बाईमानसाच्या हातात गाडी द्यायची? मी म्हनायचो, दिऊ नका. दोन-तीन महिनं हिंडून परत यायचं."

"लगीन?" चिमणाबाईनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"झालतं. न्हाय टिकलं." बादशहानं काळा चष्मा काढून शर्टाला पुसला. "चांगलाच हुता त्यो. पन त्येला वाटायचं, हिनं हातोडा सोडावा."

चिमणाबाईनं आत जाऊन थालीपीठ लावलं. त्या दिवसापासून सुट्टीचं जेवण सगळ्यांचं इथंच, असा नेमच झाला. दुपारी चौघं पायरीवर बसून खायचे. अनुजाला ड्युटी नसली तर पाच. शबनूर तिखट खायची ते बघून चिमणाबाईला तिच्याबद्दल माया वाटायला लागली.

कामाची वाटणी ठरवावी लागली नाही. वेल्डिंग आणि ठोकाठोकी शबनूरची. गंज खरवडणं, घासणं, आतून रंग देणं, दारं चढवणं-उतरवणं ज्ञानूचं. ती नसायची त्या दिवशी तो एकटा काम करायचा आणि ती आली की दाखवायचा. काही वेळा ती "ठीक" म्हणायची, काही वेळा पुन्हा करायला लावायची. एकदा त्यानं आधीच्या गॅरेजची पेपर कोंबल्याची गोष्ट तिला सांगितली. राग अजून गेला नव्हता.

शबनूर ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्येनं चुकीचंच केलं. पन मामा, आमच्याकडं रोज मानसं येत्यात, म्हनत्यात, लगीन हाय, परवा पायजे. परवा म्हनलं की पुट्टीच हुतीया. पत्र्याला परवा कळत न्हाय."

ज्ञानू पुन्हा गंज खरवडायला लागला. पण रात्री जेवताना चिमणाबाईला म्हणाला, "पोरगी खरं बोलतीया."

डावीकडची पट्टी बसवायची वेळ आली तेव्हा शबनूरनं एका कडेनं सलग वेल्डिंग मारलं नाही. एक टाका इथं, मग दुसरा पार तिकडं, मग पत्रा निवेपर्यंत थांबायचं. आधी दार चढवायचं, लागतंय का बघायचं, मगच पुढचे टाके. ज्ञानूला आपली घाई आठवली. उजवीकडच्या पट्टीला तिनं मशिनचा दांडा त्याच्या हातात दिला.

"ह्या कडंचं टाकं तुमी मारा."

"परत चुकंल."

"मी हाय की हितं."

तो मारत गेला, ती बोट दाखवत गेली. टाके जागेवर पडत होते. शेवटचा टाका निवल्यावर त्यानं मागचं दार धरलं. ओढलं नाही, नुसतं सोडलं. दार आपल्याच वजनानं गेलं आणि खट् करून लागलं.

बादशहानं खुर्चीवरूनच मान वर केली.

"परत लाव," तो म्हणाला.

ज्ञानूनं दार उघडून परत सोडलं. खट्.

"बास," बादशहा म्हणाला. "झाली गाडी."

चिमणाबाई पदरानं तोंड पुसत आत गेली. ज्ञानू दाराची कडी धरून उभाच राहिला. त्याला शबनूरला काहीतरी सांगायचं होतं. आभार म्हणावं तर तो शब्द कधी तोंडात बसला नव्हता. आभार सभेत मानतात. उपकार झाले म्हणावं, तर ती मजुरी घेणारी बाई, तिला ते आवडलं नसतं. शेवटी त्यानं तिची हत्यारं गोळा केली, एकेक पुसली आणि पिशवीत नीट लावून दिली.

रंगाचं काम तिच्या वर्कशॉपात झालं. कारण अंगणात धूळ बसते, असं तीच म्हणाली. गाडी पुन्हा पांढरी झाली. ज्या दिवशी ज्ञानू ती पासिंगला घेऊन गेला, त्या दिवशी त्याच साहेबांनी पुन्हा वाकून दाराखाली अंगठा लावला. मग बोटांनी वाजवून बघितलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडंही वाजवलं.

"कुठं केलंत काम?"

"थोडं घरी, थोडं शाहूपुरीत," ज्ञानू म्हणाला. "दोगांनी मिळून केलंय."

साहेबांनी सही केली.

आरटीओतून तो घरी गेला नाही. सरळ शाहूपुरीत गेला. शबनूरचं वर्कशॉप आवरत आलं होतं. आत एक ठोकर खाल्लेली नवी गाडी उभी होती, आणि ती तिच्या पुढ्यात उकिडवी बसून दिवसाचं शेवटचं काम करत होती. बादशहा दारात स्टुलावर बसला होता. इंजिनाच्या आवाजावरूनच त्यानं ओळखलं.

"आली का अँबॅसिडर? झालं पासिंग?"

"झालं."

शबनूर उठली. कपाळावर काळं लागलं होतं. ती आली, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दाराच्या फटीवर नख फिरवलं आणि हसली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. इतक्या महिन्यांत एकही सुट्टी तिला मिळाली नव्हती, हे ज्ञानूला माहीत होतं. पण त्याचा अर्थ आज त्या उजेडात तिचा चेहरा बघताना कळला.

"चला, घरी सोडतो," तो म्हणाला.

"स्कूटर हाय की मामा."

"ऱ्हाऊ दे आत कुलपात. सकाळी न्ह्यायला यीन."

"आवं, कापडं बगा माजी. शीट खराब हुईल."

"शीट धुता येतंय."

त्यानं मागचं दार उघडून धरलं. शबनूर क्षणभर थांबली. हजारो गाड्यांची दारं तिनं सरळ केली असतील. तिच्यासाठी कुणी दार उघडून धरल्याची तिला सवय नव्हती, हे दिसत होतं. मग चपला बाहेर झटकून ती आत बसली. ज्ञानूनं दार लावलं. बादशहाला पुढं बसवलं.

संध्याकाळची गर्दी होती. रिक्षा, मोटारसायकली, क्लास सुटलेली मुलं. ज्ञानू त्यांच्यातून गाडी काढत ताराराणी चौकाकडं निघाला. बादशहा बोलत होता. ह्या रस्त्यावर पूर्वी कुठलं गॅरेज होतं, कुठं कुणाचा चहाचा गाडा होता. मागून काही उत्तर येईना, तेव्हा तो थांबला.

"शबनूर?"

ज्ञानूनं आरशात बघितलं. तिची मान कडेला, काचेच्या चौकटीवर टेकली होती. हात मांडीवर उताणे पडले होते, काळे, बोटं अर्धी मिटलेली.

"झोपली," तो हळूच म्हणाला.

बादशहानं कान दिला. इंजिनाच्या आवाजातून त्याला तिचा श्वास ऐकू येत असावा. तो बराच वेळ तसाच बसला, तोंड पुढं, कान मागं.

"उजेड असताना," शेवटी तो म्हणाला. "उजेड असताना झोपलेली लई वरसांत ठावं न्हाय मला."

ज्ञानूनं गिअर बदलला तोही आवाज न होऊ देता. खड्डे आले की तो आधीच वेग कमी करत होता. गाडी कुठंही खडखडत नव्हती. सदर बाजार आला. बापलेकीच्या गल्लीचं तोंड दिसलं, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी दिसली.

"आली न्हवं गल्ली?" बादशहानं हलक्या आवाजात विचारलं.

"आली."

म्हाताऱ्यानं मान सीटला टेकवली. ज्ञानूनं ब्रेकवरचा पाय काढून घेतला आणि गाडी गल्लीच्या तोंडावरून तशीच पुढं, कसबा बावड्याच्या रस्त्याला जाऊ दिली.